पोटात लागलेली गोळी मांडीत कशी सापडते, आणि ती काढतात कशी?

पोटात लागलेली गोळी रक्तातून वाहत मांडीत जाऊ शकते का, असं तुम्ही विचारलंय. जाऊ शकते. मी भूलतज्ज्ञ आहे, रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांना नेहमी असतो, म्हणून टेबलाच्या माझ्या बाजूने सांगतो.

अशी गोळी बहुधा लहान आणि जोर संपत आलेली असते. पॉइंट २२ची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, नाहीतर छर्रा. महाधमनीची एक भिंत भेदते, दुसरी भेदायला वेग उरत नाही, आणि रक्ताबरोबर चालू पडते. प्रकार दुर्मिळ: व्हिएतनाम युद्धातल्या रक्तवाहिन्यांच्या सुमारे ७,५०० जखमांमध्ये अशा केसेस २२. ओळखायचा हिशेब सोपा आहे. गोळी शिरल्याच्या जखमा, बाहेर पडल्याच्या जखमा आणि एक्स-रेत दिसलेल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली, की डोक्यापासून पायापर्यंत शोधायचं.

धमनीतली गोळी काढावीच लागते. पाय गार पडतो, नाडी लागत नाही, आणि काही तासांतच स्नायू मरायला लागतात. आधी पोटातला रक्तस्राव थांबवायचा, मग मांडीतली धमनी उघडी करून वर-खाली क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारे चिमटे, छोटा छेद, गोळी बाहेर. त्यानंतर फोगार्टी कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी, घालून गुठळ्या ओढून काढतात.

शिरेतली गोळी हृदयाच्या उजव्या बाजूला किंवा तिथून फुफ्फुसाच्या धमनीत जाते, आणि इथे सर्जनांचं एकमत नाही. रुग्णाला अनेकदा काहीच त्रास नसतो. मांडीच्या शिरेतून तारेचा फास नेऊन ती पकडता येते, पण गुळगुळीत गोळीवरून फास निसटतो. शिवाय मांडीपर्यंत आणली तरी ज्या नळीतून फास आत घातला तिच्यात ती मावत नाही, शेवटी शिरेला छेद द्यावाच लागतो. तेही जमलं नाही तर छाती उघडून, हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर. हृदयाच्या स्नायूत घट्ट रुतलेली, त्रास न देणारी गोळी काहीजण तशीच ठेवतात. मला ते पटतं. सुटी गोळी मात्र नको. हृदयाच्या पडद्यात जन्मापासून भोक राहिलं असेल तर ती डावीकडे जाऊन थेट मेंदू गाठू शकते.

माझा आग्रह एकच असतो: भूल दिल्यावर, सुरी लावायच्या आधी, टेबलावरच सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्राखाली, पुन्हा बघा. रुग्णाची कूस बदलली, टेबल जरा तिरकं केलं, की सुटी गोळी जागा सोडते. शिरेत तर वजनामुळे ती प्रवाहाच्या उलटही घसरते. जुन्या फिल्मवर विसंबलात, तर छाती उघडून हृदयाचा रिकामा कप्पा चाचपत बसावं लागतं.