पोळी सोडली, वजन उतरलं आणि चार दिवसांत परत आलं

"मॅडम, आता आयुष्यभर पोळीला हात लावायचा नाही का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं आणि डोळे भरून आले.

वय ४६, नाशिकमध्ये बँकेत नोकरी, वजन ७६ किलो. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मैत्रिणीचं पाहून त्यांनी पोळी, भाकरी, भात, फळं, सगळं एका सोमवारपासून बंद केलं होतं. पनीर, अंडी, काकडी, ब्लॅक कॉफी. तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले. सोबत डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि घरात सगळ्यांवर चिडचिड. मग भाच्याचं लग्न आलं. चार दिवस त्या सगळ्यांसारख्या जेवल्या आणि काटा दोन किलो वर गेला. "माझं शरीरच असलं," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी घेऊन येतं, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथे सांगते.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो तो बराचसा यामुळे. जेवण पूर्ववत झालं की साठा भरतो, पाणी परत येतं. दोन किलो चरबी चढायला गरजेपेक्षा पंधरा हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतात. "लग्नात तुम्ही तेवढं खाल्लंत?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. खांदे जरा सैल झाले.

कर्बोदकं म्हणजे पोळी, भात, साखर यांतून मिळणारं पिष्ट आणि साखर. ती कमी खाण्याच्या मी विरोधात नाही. आपलं ताट खरोखरच पिठानं भरलेलं असतं. पोहे, पोळी-बटाटा, संध्याकाळी चिवडा, रात्री भाकरी आणि वर भात. ते कमी व्हायलाच हवं. पण कमी करणं वेगळं आणि हद्दपार करणं वेगळं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा एक मोठा अभ्यास आला होता. सहाशेहून अधिक माणसं, पूर्ण एक वर्ष. कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६. म्हणण्यासारखा फरक नाहीच. जो आहार वर्षभर निभतो, तोच मला महत्त्वाचा वाटतो.

मग आम्ही पोळी सोडण्याआधीच्या त्यांच्या एका दिवसाचा हिशेब मांडला. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम नुसती साखर. दोन पोळ्यांत मिळून साधारण तेवढीच कर्बोदकं असतात, पण त्यांच्यासोबत प्रथिनं असतात, तंतू असतात, पोट भरतं. त्यांनी पोळी सोडली होती, पण जुनी सवय जाईना म्हणून मधेच एखादा गोड चहा चालूच होता! आणि गुरुवारचा उपास: साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर. उपासाला मी दही, राजगिरा, मूठभर दाणे आणि एक फळ सुचवलं.

बाकी साधंच. डब्यात तीनऐवजी एक पोळी, पण मोड आलेल्या मटकीची उसळ दोन वाट्या. आधी कोशिंबीर आणि उसळ, पोळी मागून. रात्री बाजरीची भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. दिवसाला कर्बोदकं दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. त्यांच्या यजमानांनाही हे करायचं होतं, पण ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणातली कर्बोदकं एकदम घटवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हे मनानं करू नका, अगदी कळकळीनं सांगते.

दुसऱ्या भेटीत उठता उठता त्या सहज बोलून गेल्या, "माझी दहावीतली लेकसुद्धा आता पोळी नको म्हणते."

मी त्यांना परत बसवलं. वाढीचं वय, पाळी, अभ्यास, आणि मुलगी तीन आठवडे आईला पोळीकडे शत्रूसारखं बघताना पाहत होती. घरात ताटावर काय बोललं जातं ते मुलं टिपत असतात. मी म्हटलं, "वजनाचं राहू दे. आज रात्री तिच्या शेजारी बसा, तुमची अर्धी भाकरी तुपाबरोबर तिच्यासमोर खा. उपदेश एकही नको."

मधला एक महिना काटा जागचा हलला नाही. तेव्हा त्यांना धीर द्यावा लागला, आणि रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं वाढवलं. पाच महिन्यांनी वजन ७१ वर आलं. पण शेवटच्या भेटीत काट्यावर उभं राहायच्या आधी त्यांनी मला वेगळंच सांगितलं: काल सासूबाई भाकऱ्या थापत होत्या आणि लेक तव्याशेजारी ताट घेऊन उभी होती, "आजी, फुगलेली मला."