सोलापुरात टोळ्यांचा जोर मध्येच वाढतो, मध्येच ओसरतो, असं का?

तुम्ही विचारलंय की मधल्या शांततेनंतर तीच नावं पुन्हा कानावर येतात, मग पोलीस झोपतात का? मी इथल्या कोर्टात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

झोपत नाहीत, दुसऱ्या कामाला जुंपले जातात. ठाण्याच्या डीबी पथकात, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकात, माणसं मोजकी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, मग गणपती. त्यात निवडणूक लागली की बघायलाच नको. कोण जामिनावर सुटलं, कोण कुणासोबत फिरतंय, हे बघणारं कुणी उरत नाही.

शांतता येते ती बऱ्याचदा मुदतीची असते. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षं. १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली (धोकादायक गुंडांना खटल्याशिवाय आत ठेवायचा कायदा) स्थानबद्धता फार तर बारा महिने, आणि पोलिसांनी कागदपत्रात घोळ किंवा उशीर केला तर तो आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही. तडीपार माणूस रात्री घरी जेवून जातो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं. टोळी खरी घाबरते ती मोक्क्याला, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याला: जामीन अवघड, दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. पण तो लावायला मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात, शिवाय वरिष्ठांची परवानगी. एवढी फाईल उभी करणारा अधिकारी मध्येच बदलून गेला की नवे साहेब वेगळ्याच विषयाला हात घालतात. आणि म्होरक्या आत गेला की कधी कधी खालची पोरं हप्त्यासाठी आपसातच भिडतात, म्हणजे कारवाईनंतर मारामाऱ्या वाढलेल्याही दिसतात.

आकड्यांवरही फार जाऊ नका. कोयते जप्त केल्याचे, मटक्याचे गुन्हे पोलिसांनी छापा घातला तरच नोंदले जातात. खासगी सावकाराची पोरं दारात येऊन दम देतात, त्याची तक्रार द्यायला सहसा कुणी धजत नाही.

कारवाई झाली तरी धंदा परत येतो, हे टोळ्यांपुरतंच नाही. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर दारूच्या हातभट्ट्या वर्षानुवर्षं फोडल्या जायच्या, आणि पुन्हा पेटायच्या. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं: छापे चालूच, पण अधिकाऱ्यांना गावं दत्तक दिली, समुपदेशन केलं, दुसऱ्या रोजगाराची सोय बघितली. शहरातल्या टोळ्यांवर हे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. हातभट्टी पोटासाठी असते. हप्ता मागणाऱ्या पोराला पैशाइतकाच चौकातला दरारा हवा असतो.