नसांच्या गोळीतलं बेनफोटायमिन म्हणजे नक्की काय?

प्रश्न: आईला बरीच वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. रात्री तळपायांची खूप आग होते, मुंग्या येतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून केमिस्टकडून नसांची गोळी आणली, त्यात बेनफोटायमिन आहे. हे कायम घेतलं तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: बेनफोटायमिन म्हणजे बी-१, थायमिनचंच बदललेलं रूप. साधं थायमिन आतड्यातून थोडंच आत जातं, जास्त खाल्लं तरी बरंचसं वायाच जातं, पण हे रूप त्याला जोडलेलं फॉस्फेट आतड्यात सुटल्यावर सहज शोषलं जातं आणि पुढे शरीरात त्याचं परत थायमिन होतं. १९५० च्या दशकात जपानमध्ये लसणावर काम करताना अलिथायमिन हे थायमिनचं एक रूप सापडलं, तिथून अशी रूपं शोधायला सुरुवात झाली.

आता फायदा किती? जर्मनीत २००८ मध्ये रोज ६०० मिलिग्रॅम देऊन सहा आठवडे अभ्यास झाला, त्यात त्रास थोडा कमी झालेला दिसला. पण २०१२ च्या अभ्यासात टाइप १ डायबेटिसवाल्यांना रोज ३०० मिलिग्रॅम दोन वर्षं दिलं तरी नसांच्या कामात फरक पडला नाही. म्हणजे आराम वाटू शकतो, पण नसा दुरुस्त होतील हे धरून चालू नका. शुगर तर याने उतरत नाहीच, तिचं औषध बंद करू नका.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही अगदी अशाच मुंग्या येतात, त्यात आई शाकाहारी असतील तर शक्यता अजून वाढते, त्यामुळे आधी बी-१२ तपासून घ्या. या गोळ्यांमध्ये बहुतेक मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चंच एक रूप, पण असतं, म्हणजे गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांना गोळीबद्दल नक्की सांगा.

आणि स्ट्रिप उलटी करून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती आहे ते वाचा. जास्त बी-६ बरेच महिने पोटात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात! युरोपात २०२३ पासून मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत १००. वर एखादी मल्टिव्हिटॅमिन पण चालू असेल तर दोन्हींची बेरीज करा.

तोपर्यंत रोज रात्री आईचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघत जा. पाय बधिर असले की जखम झालेली कळत नाही, आणि काही दिसलं तर घरी मलम लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.