डांबून ठेवणं हा ‘घरचा मामला’ नाही

या महिन्यातल्या पत्रांमध्येही ‘चोवीस तास’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा आले. त्यांचा खुलासा तिसऱ्या उत्तरात केला आहे.

डांबून ठेवल्याबद्दल अजून भारतीय दंड संहितेचं कलम ३४२ लागतं का?

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ लागतं. त्याआधीच्या घटनांना जुनंच ३४२.

दाराला कुलूप नव्हतं, पण दारात दोघं जण दम देत उभे होते. मग गुन्हा होतो का?

होतो. ठरावीक हद्दीबाहेर जाता येऊ नये अशी अडवणूक म्हणजे गैरपरिरोध, आणि ती धाकानंही होते. फक्त एका वाटेनं जाऊ दिलं नाही, तर तो गैरनिरोध. त्याचं कलम १२६, शिक्षाही कमी.

माझ्या मैत्रिणीला (वय २३) लग्नावरून घरच्यांनी बारा दिवस खोलीत कोंडलंय. ओळखीचे म्हणतात, चोवीस तासांनीच तक्रार घेतात, आणि हा तर घरचा मामला. एकजण पैसे घेऊन नोटीस पाठवून देतो म्हणतोय.

तिन्ही सल्ले सोडून द्या. चोवीस तासांचा नियम पोलिसांनी अटक केलेल्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा आहे. तुमच्या तक्रारीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला कोंडण्याचा हक्क आईवडिलांनाही नाही. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा असतो, त्यामुळे नुसती ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवलं तर ऐकू नका. दहा दिवस उलटले की शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि दंड किमान १०,००० रुपये. आणि नोटीस? मुलगी आत असताना नोटीस पाठवणं म्हणजे तिला दुसरीकडे हलवायला सवड देणं. असल्या नोटिसा विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आज ११२ ला फोन करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०० खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी झडतीचं वॉरंट काढून तिला समोर आणवू शकतात. उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असं मागणारी) याचिका मैत्रीण म्हणून तुम्हीही करू शकता. तिचे मेसेज पुसू नका, वयाचा पुरावा जवळ ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. त्या वकिलाला आजच भेटा, सोमवारची वाट पाहू नका.

बिल थकलं म्हणून रुग्णालय वडिलांना सोडत नाही.

बिलाची वसुली दिवाणी मार्गानं करावी, माणूस तारण ठेवता येत नाही. डिस्चार्ज लेखी मागा, पोच घ्या. तरीही अडवलं तर पोलिसांत जा. बिलावरच वाद असेल तर कागद वकिलाला दाखवा.

मालकानं माझी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवलीत. हे डांबणंच ना?

नाही. कागद अडकले, तुम्ही नाही. उपाय वेगळा आहे, वकिलाला विचारा.

दोन वर्षांपूर्वी दुकानात चार तास कोंडलं होतं. आता तक्रार चालेल?

अवघड आहे. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एका वर्षाची मुदत असते. उशिराचं समाधानकारक कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकतं, म्हणून तारखा लिहून काढा आणि याच आठवड्यात फौजदारी वकिलाला गाठा.