कवितेतून विज्ञान शिकवता येतं का? (प्रश्न विदर्भातल्या खेड्यातला, वर्ग आठवा)

येतं, पण तुमची कविता पोरांकडून पाठ करून घेऊ नका. ती पोरांनाच लिहू द्या, आणि धडा झाल्यावर नव्हे, वस्तू हातात घेतल्यावर.

ऑगस्टमध्ये तुरीचं एक झाड खुरप्यानं अलगद मुळासकट काढा. मुळावरची गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी दिसते. म्हणजे ती कामावर आहे, हवेतला नत्र (नायट्रोजन) धरते आहे. मग पोरांची ओवी अशी काहीशी येते:

तुरीच्या मुळाले, गाठी किती बाई,
हवेतला नत्र, तूर घेत नाही.
गाठीतला जिवाणू, त्याले धरून देतो,
तुरीची साखर, बदल्यात घेतो.

खरी मजा ओव्या तपासताना येते. एखादा हमखास लिहितो, 'तूर हवा खाते'. हवेत ७८ टक्के नत्र असूनही झाडाला तो थेट का वापरता येत नाही, ही चर्चा तिथेच निघते. यमकासाठी विज्ञान वाकवायचं नाही, यमक मोडलं तरी चालेल! वऱ्हाडी शब्द मात्र राहू द्या.

गावापुढे मांडायला खंजिरी भजनाची चाल घ्या. तुकडोजी महाराजांमुळे ती इथे घरोघरी ओळखीची आहे. परीक्षेत आकृती आणि व्याख्या लागतातच, त्या वेगळ्या करून घ्या.