जपानीचा वर्ग कचऱ्यापासून सुरू करा

पहिल्याच महिन्यात ‘चिक्यू ओन्दान्का’, म्हणजे जागतिक तापमानवाढ, घेऊ नका. मी घेतलं होतं. मुलं कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, उतरवण्यातच दमली, तोंड कुणी उघडलं नाही.

आपण इंदूरचे, ओला-सुका कचरा इथे पोरासोरांनाही ठाऊक. तिथूनच धरा: ‘मोएरु गोमी’ जळणारा, ‘मोएनाइ गोमी’ न जळणारा. गंमत म्हणजे आपला ओला कचरा जपानात बहुतेक ठिकाणी ‘मोएरु’तच जातो. यावर वर्गात हमखास वाद होतो. होऊ द्या, बोलायला निमित्त मिळतं. टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडून मोजायला लावा: इप्पोन, निहोन, साम्बोन, म्हणजे लांबट वस्तूंचे एक, दोन, तीन. पोह्यांच्या कागदी प्लेटा मात्र चपट्या, म्हणून इचिमाइ, निमाइ. इथे सगळेच अडखळतात, घाबरू नका.

तपासताना नवे शिक्षक एक चूक हटकून करतात: पर्यावरणाच्या माहितीला गुण देतात. गुण भाषेचे द्या.

- एका वेळी एकच रचना तपासा, जसं ‘सुतेते वा इकेमासेन’, टाकायचं नाही.
- बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून द्या. लाल पेनाने वही रंगवू नका.

मिनामाता (पाऱ्याच्या प्रदूषणातून झालेला आजार), 1997 चा क्योतो हवामान करार वगैरे एन-थ्रीच्या, म्हणजे जपानी परीक्षेच्या मधल्या पातळीच्या, मुलांसाठी राखून ठेवा.