तंबाखूविक्रीचं किमान वय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. अल्पवयीनांना सिगारेट विकायला बंदी असूनही त्याच्या वर्गातली काही मुलं ओढतात. मग या कायद्याचा उपयोग काय?

नुसत्या कायद्याचा फारसा नाही, तपासणीचा मात्र खूप आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात वुडरिज नावाचं एक लहान शहर आहे. तिथे सुमारे ७० टक्के दुकानांत मुलांना बिनदिक्कत सिगारेट मिळत होती. १९८९ मध्ये शहराने विक्रीला परवाना सक्तीचा केला आणि नियमित तपासणी सुरू केली. दीड वर्षात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं आणि शाळकरी मुलांतलं धूम्रपान निम्म्याहून अधिक घटलं.

ही तपासणी अशी होते : अधिकारी बाहेर थांबतो आणि एक अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी आत जाऊन पाकीट मागते. वय विचारलं तर खोटं सांगायचं नाही, अशी त्यांना सक्त सूचना असते. दुकानदाराने विकलं की दंड, पुन्हा सापडला की परवाना धोक्यात.

अर्धवट अंमलबजावणीने मात्र काही साधत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तपासणी झालेल्या गावांतले ८२ टक्के विक्रेते नियम पाळू लागले होते. तरी मुलांचं ओढणं घटलं नाही. उरलेले १८ टक्के कोण, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्यांना एकच दुकान पुरतं.

प्रश्न : वय १८ असावं की २१? मतदान करू शकणाऱ्याला सिगारेट नाकारणं अन्यायाचं नाही का?

माझं मत स्पष्टपणे २१ च्या बाजूने आहे. आपण १८ ते २० वर्षांच्या तरुणाचाच विचार करतो, पण या बदलाचा सर्वाधिक फायदा १५ ते १७ वर्षांच्या मुलांना होतो. त्यांना सिगारेट बहुतेक वेळा दुकानदार देत नाही, मित्र देतो. अठरा वर्षांचा मित्र त्याच शाळेत, त्याच मैदानावर भेटतो. एकवीस वर्षांचा माणूस त्या घोळक्यात सहसा नसतो, त्यामुळे पुरवठ्याची साखळी तिथेच तुटते.

मॅसॅच्युसेट्समधल्याच नीडहॅम शहराने २००५ मध्ये हे वय २१ केलं. शेजारच्या गावांनी केलं नाही. २००६ ते २०१० दरम्यान नीडहॅममध्ये धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १३ वरून ७ टक्क्यांवर आलं, शेजारी १५ वरून १२ वर. एका शहरावरून सगळं ठरवू नये, हे खरं. पण इंग्लंडने २००७ मध्ये वय १६ वरून १८ केलं, तेव्हाही १६-१७ वर्षांच्या मुलांतली घट मोठ्यांपेक्षा जास्त होती. अमेरिकेने डिसेंबर २०१९ मध्ये देशभर २१ लागू केलं.

आणि अन्यायाबद्दल : निकोटीनची सवय लागलेल्या माणसाची निवड स्वतंत्र उरत नाही. विशीच्या मध्यापर्यंत मेंदूची वाढ सुरूच असते, तोवर ती सवय लवकर आणि घट्ट बसते.

प्रश्न : मी दुकान चालवतो. चेहऱ्यावरून वय कसं ओळखायचं?

ओळखायला जाऊच नका, ओळखपत्र मागा. ब्रिटनमधली अनेक दुकानं पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ते मागतात. त्यामुळे अंदाज चुकला तरी सतरा वर्षांचा मुलगा निसटत नाही. सुटी सिगारेट विकणंही बंद करा. एकेक मिळाली की खिशातल्या चिल्लरवर सवय लागते.

प्रश्न : सिगारेटसह सापडलेल्या मुलालाही दंड करावा का?

करू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. दंडाच्या भीतीने मूल लपून ओढतं आणि मदत मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं सोळावं कलमही विक्रेत्यांवरच्या कारवाईबद्दल बोलतं. तुमचं मूल ओढत असेल, तर सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट लागते, हे न रागावता विचारा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर व्यसन बसलेलं आहे. उपदेशात वेळ न घालवता डॉक्टरांकडे किंवा व्यसनमुक्ती समुपदेशकाकडे सोबत जा.